रुडॉल्फ डिझेल : एका इंजिनाची आणि एका माणसाची हकिगत

डिझेल हा शब्द आपण रोज कितीदा तरी ऐकतो. पेट्रोलपंपाच्या पाटीवर तो असतो, मालट्रकच्या टाकीवर रंगाने लिहिलेला असतो, एस.टी.च्या डेपोत तर त्याचा वासच भरून राहिलेला असतो. हे कुणा माणसाचे आडनाव असेल, असे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात येते. व्होल्ट, वॅट, अँपिअर हीदेखील माणसांच्याच नावांवरून पडलेली नावे. पण ती माणसे निदान शाळेच्या पुस्तकात कधीतरी भेटतात. डिझेल भेटत नाही. त्याच्या नावाचे तेल झाले आणि माणूस त्या तेलात बुडून गेला.

कला शाखेच्या वार्षिकात इंजिनाचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. परंतु ही हकिगत जितकी यंत्राची आहे तितकीच एका हुशार, मानी आणि हिशेबात कच्च्या माणसाची आहे. शिवाय मला या विषयाची ओढ लागली ती घरातूनच. माझे मामा बरीच वर्षे मालट्रक चालवीत. नवी गाडी कुणी घेतली की ते तिची केबिन किंवा रंगरंगोटी पाहत नसत. त्यांचे दोनच प्रश्न असत. गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, आणि इंजिन किती वर्षांनी उतरवावे लागते. पहिला प्रश्न तेलाच्या खर्चाचा, दुसरा भरवशाचा. पुढे रुडॉल्फ डिझेलचे चरित्र वाचताना माझ्या लक्षात आले की, या माणसाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगाला दिले आणि दुसऱ्या प्रश्नाने त्याचा जीव खाल्ला.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, बव्हेरियातले. वडील थिओडोर हे मूळचे आउग्सबुर्गचे बुकबाइंडर. पॅरिसमध्ये ते चामड्याची पाकिटे, पेट्या असा माल तयार करून विकीत. घरात शिस्त कडक आणि पैसा बेताचा. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे काम या मुलाकडे असे. वेळ मिळाला की तो पॅरिसच्या यंत्रसंग्रहालयात जाऊन बसे. तेथे क्युन्यो नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने अठराव्या शतकात बनवलेली वाफेची अवजड तीनचाकी गाडी ठेवलेली होती. ओझी ओढण्यासाठी तयार केलेले ते जगातले पहिले स्वयंचलित वाहन. या मुलाला चित्रे काढण्याचा नाद होता. तो तेथील यंत्रांची चित्रे काढीत बसे.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मनांना देश सोडावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे सर्वांचे पोट भरणे कठीण, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच आउग्सबुर्गला नातलगांकडे पाठवून दिले. युद्धामुळे आगगाड्या रखडत चाललेल्या. तो प्रवास करून हा मुलगा बार्निकेल नावाच्या नातलगांच्या घरी पोचला. ते तेथील शाळेत गणित शिकवीत. त्यांनी त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना आपला निश्चय कळवला की, मी इंजिनिअर होणार. वडिलांना हे फारसे रुचले नव्हते. मुलाने लवकर कमावते व्हावे, ही त्यांची अपेक्षा.

या शाळेतली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वर्गात एक काचेची नळी होती, सायकलच्या पंपासारखी. तिच्या तळाशी पेट घेईल असा कापूस ठेवायचा आणि दांडा झटक्यात खाली दाबायचा. आत कोंडलेली हवा इतकी तापते की काडी न लावता कापूस पेटतो. अशा दाबाच्या चकमकी आग्नेय आशियातील लोक पूर्वीपासून वापरीत आले होते. या नळीतूनच डिझेलला त्याची कल्पना सुचली की नाही, याविषयी मतभेद आहेत. पण त्याच्या इंजिनाचे सारे मर्म त्या नळीत आहे, एवढे खरे. ठिणगी नको, ज्योत नको. हवा पुरेशी दाबली की तेल आपोआप पेटते.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रविद्यालयात गेला. तेथे कार्ल फोन लिंडे हे प्राध्यापक होते. बर्फ तयार करण्याच्या यंत्रांचे ते जनकच म्हणायचे. १८७८ मध्ये एका व्याख्यानात लिंडे यांनी सांगितले की, उत्तम वाफेचे इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी शंभरातले फक्त सहा ते दहा भाग कामाला लावते. बाकीची उष्णता धुराड्यावाटे आणि पाण्यावाटे वाया जाते. त्यांनी कार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञाचा सिद्धांतही समजावून सांगितला. उष्णतेचे जास्तीत जास्त काम कसे करता येईल, याची मर्यादा त्या सिद्धांताने ठरते. वीस वर्षांच्या डिझेलने वहीच्या समासात टिपून ठेवले की, हे प्रत्यक्षात उतरवता येईल काय, याचा अभ्यास करायचा. व्याख्यानात आपणही वहीच्या समासात पुष्कळ काही लिहितो. पण त्यातले सारे पुढे आपल्या मानगुटीवर बसत नाही. डिझेलच्या मानगुटीवर हे वाक्य बसले ते कायमचे.

१८७९ मध्ये परीक्षेच्या ऐन वेळी त्याला विषमज्वर झाला. परीक्षा चुकली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर येथील सुल्झर यांच्या कारखान्यात हातात हातोडी घेऊन काम केले आणि १८८० च्या आरंभी परीक्षा देऊन अत्युच्च गुण मिळवले. मग लिंडे यांनीच त्याला पॅरिसच्या बर्फाच्या कारखान्यावर नेमले. १८८३ मध्ये मार्टा फ्लाशे या मुलीशी त्याचा विवाह झाला. पुढे दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. पोटाचा उद्योग बर्फाचा आणि डोक्यात आगीचे इंजिन, अशी त्याची दहा वर्षे गेली. वाफेऐवजी अमोनिया वापरून इंजिन चालवण्यात त्याने कितीतरी वर्षे घालवली. त्यातून काही निघाले नाही. १८९० मध्ये तो बर्लिनला आला.

१८९२ च्या फेब्रुवारीत त्याने आपल्या नव्या इंजिनासाठी पेटंटचा अर्ज केला. पेटंट पुढच्या वर्षी मिळाले, आणि त्याच वर्षी त्याने आपला सिद्धांत मांडणारे एक लहानसे पुस्तकही प्रसिद्ध केले. कल्पना थोडक्यात अशी. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण आत ओढून ते दाबतात व ठिणगीने पेटवतात. हे मिश्रण फार दाबता येत नाही, कारण ते भलत्याच वेळी पेट घेते. डिझेलने ठरवले की, दाबायची ती नुसती हवा. मग दाब कितीही वाढवता येईल. हवा तापून लाल झाली की शेवटच्या क्षणी तेल आत सोडायचे. जितका दाब जास्त तितकी उष्णता अधिक कामाला लागते. तेलाची बचत होते ती येथेच.

पण त्या पुस्तकात एक मोठी चूक होती. जळताना तापमान वाढूच द्यायचे नाही, असा त्याचा आग्रह होता, आणि त्यासाठी अडीचशे वातावरणांइतका दाब त्याने कागदावर धरला होता. असे इंजिन बनले असते तर ते जेमतेम स्वतःलाच फिरवू शकले असते. दुसऱ्याचे काम करायला त्यात जोर उरला नसता. चूक ध्यानात येताच डिझेलने वाट बदलली आणि त्याच वर्षी सुधारित पद्धतीसाठी दुसरे पेटंट मागितले. मात्र आपण चुकलो होतो, असे त्याने उघडपणे कधी म्हटले नाही. या मौनाची किंमत त्याला वीस वर्षांनी मोजावी लागली.

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे संचालक हाइनरिश फोन बुट्स यांनी त्याला जागा आणि कारागीर दिले. क्रुप या पोलादाच्या पेढीने वर्षाला ३०,००० मार्क पगार देऊ केला. पहिले प्रयोगाचे इंजिन १८९३ च्या उन्हाळ्यात उभे राहिले. तापमान वाढणारच नाही या भरवशावर त्याला पाण्याची जॅकेटसुद्धा ठेवलेली नव्हती! १० ऑगस्टला कारखान्याच्या पट्ट्याने ते फिरवून आत इंधन सोडले, तोच मोठा स्फोट झाला आणि दाब मोजणारे उपकरण उडून गेले. जवळ उभे असलेले थोडक्यात वाचले. डिझेलला मात्र आनंद झाला. काडीवाचून इंधन पेटते, हे सिद्ध झाले होते.

पुढची साडेतीन वर्षे म्हणजे दुरुस्त्यांची एक लांबलचक माळच आहे. पिस्टनच्या रिंगा दाब धरीनात. झडपांतून हवा गळे. तेलाचा फवारा नीट उडेना. अखेर दाबलेल्या हवेच्या झोताने तेल आत फुंकण्याची युक्ती कामी आली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले, मिनिटाला ८८ फेरे, आणि तेही एकच मिनिट. असे सांगतात की, फिरवणारा पट्टा अचानक सैल पडलेला पाहून, इंजिन आता आपणच ओढते आहे हे एका कामगाराच्या लक्षात आले, आणि काही न बोलता त्याने डोक्यावरची टोपी काढली. चरित्रातला हा प्रसंग मला फार आवडतो; प्राध्यापकांच्या प्रशस्तिपत्रापेक्षाही.

ते प्रशस्तिपत्र बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी मिळाले. म्युनिकचे प्रा. मोरित्झ श्र्योटर यांनी रीतसर चाचणी घेतली. इमानुएल लाउस्टर या तरुण इंजिनिअरच्या नकाशांवरून बांधलेल्या त्या एका सिलिंडरच्या इंजिनाची ताकद सुमारे २० अश्वशक्ती होती आणि तेलातल्या उष्णतेपैकी शंभरातले २६.२ भाग ते कामाला लावीत होते. लिंडे यांच्या व्याख्यानातल्या सहा ते दहाच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा, म्हणजे युरोपभरचे कारखानदार आउग्सबुर्गच्या वाटेला का लागले ते कळेल. अमेरिकेतला बिअरचा कारखानदार अडॉल्फस बुश याने दहा लाख मार्क देऊन त्या देशाचे हक्क घेतले. रशियाचे हक्क इमानुएल नोबेलने घेतले. ज्यांच्या नावाने पारितोषिक दिले जाते त्या आल्फ्रेड नोबेलचा हा पुतण्या. बाकूच्या तेलविहिरी या घराण्याच्या मालकीच्या. १८९८ मध्ये डिझेलने आपले सारे पेटंट-हक्क एका नव्या कंपनीला ३५ लाख मार्कांना विकले. चाळिसाव्या वर्षी तो लक्षाधीश झाला.

आणि तेथेच त्याचे ग्रह फिरले.

केम्प्टन गावातल्या आगपेट्यांच्या कारखान्यात १८९८ मध्ये साठ अश्वशक्तीचे दोन सिलिंडरचे इंजिन बसवले गेले. कारखान्यात प्रत्यक्ष कामाला लागलेले हे पहिलेच डिझेल इंजिन. ते सतत बंद पडू लागले. त्याच उन्हाळ्यात म्युनिकच्या प्रदर्शनात मांडलेली इंजिनेही रुसत होती. रात्र रात्र जागून कारागीर ती दुसऱ्या दिवसासाठी चालती करीत. तेल फवारणारी जाळी तुंबे, फवारा बिघडे, की काळा धूर आणि जोर गेला. ठिकठिकाणच्या परवानेदारांकडून तक्रारींची पत्रे येऊ लागली. आउग्सबुर्गमध्ये त्याच्या नावाने निघालेला स्वतंत्र इंजिन-कारखाना तर पुढे बुडालाच.

येथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. श्र्योटर यांच्या चाचणीत काहीही लबाडी नव्हती, २६.२ हा आकडा खराच होता. परंतु ते इंजिन ज्यांच्या हाती होते, त्या लोकांना त्याचा स्क्रू न् स्क्रू ठाऊक होता. आगपेटीच्या कारखान्यातला मिस्त्री वाफेच्या इंजिनावर वाढलेला. ते इंजिन कोळसा भरमसाट खाई. पण पावशेर घाण आत गेली तरी चालत राही. तेलात निम्मी बचत झाली आणि आठवड्यातून दोन दिवस सारे कामगार हात बांधून बसले, तर मालकाला ती बचत काय कामाची? चालण्याचा खर्च आणि बंद पडण्याचा खर्च हे दोन्ही एकाच वहीत लिहावे लागतात. डिझेलने पहिला रकाना अचूक भरला. दुसरा भरण्याआधीच माल विकला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक कागदावरच्या सिद्धांतात नव्हती, या घाईत होती. अर्थात पेटंटची वर्षे मोजकी असतात आणि पैसे गुंतवणारे दारात उभे असतात, हेही त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

त्याला हे झेपले नाही. डोकेदुखी आणि निद्रानाशाने तो खचला आणि १८९८ च्या शरद ऋतूत त्याला म्युनिकजवळच्या आरोग्यधामात ठेवावे लागले. इंजिनाला भरवशाचे केले ते दुसऱ्यांनी. लाउस्टर आणि आउग्सबुर्गच्या त्याच्या सहकाऱ्यांनी तेलाच्या फवाऱ्याची रचना बदलली. नोबेलच्या पीटर्सबुर्गच्या कारखान्याने रशियातल्या स्वस्त, अशुद्ध तेलावर चालणारी इंजिने बनवली. एकेक झडप, एकेक रिंग करीत चार-पाच वर्षांत इंजिन असे झाले की ते वीजघरांत रात्रंदिवस चालू लागले. १९०३ मध्ये नोबेल घराण्याच्या वांदाल या व्होल्गा नदीवरच्या तेलवाहू जहाजात डिझेल इंजिने बसली.

डिझेलकडे या काळात पैसा होता आणि तो त्याला राखता आला नाही. म्युनिकमध्ये त्याने राजवाड्यासारखे घर बांधले. गॅलिशियातल्या तेलविहिरींत पैसे घातले, ते गेले. जमिनींच्या खरेदीत घातले, तेही बहुतेक गेले. कोर्टकज्जे मागे लागले ते वेगळेच. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारी मालकीची योजना सांगणारे पुस्तक लिहिले. कामगारांनी रोजचे थोडे थोडे पैसे जमवून आपलेच कारखाने उभारावेत, अशी ती कल्पना. पुस्तकाच्या दहा हजार प्रती छापल्या होत्या. खपल्या काही शेकडा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते कधी पाहावे असे वाटते. स्वतःचा संसार सांभाळता न आलेल्या माणसाने लिहिलेले असले तरी त्यात कळकळ आहे. लहानपणी हातगाडी ओढलेला मुलगा लक्षाधीश झाल्यावरही त्याच्यात शिल्लक होता, एवढे तरी त्यावरून दिसते. तेलाविषयीही त्याचे विचार दूरवरचे होते. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. शेतकऱ्याला आपल्या शेतातल्या तेलावर इंजिन चालवता येईल, ही गोष्ट डिझेलने १९१२ मध्ये पुन्हा मांडली.

आता मालट्रककडे वळू. रस्त्यावरच्या वाहनात आपले इंजिन बसावे, ही डिझेलची फार दिवसांची इच्छा. परंतु तेल आत फुंकायला दाबलेली हवा लागे आणि ती पुरवायला प्रत्येक इंजिनाजवळ एक कॉम्प्रेसर. कारखान्यात किंवा जहाजावर त्याची अडचण नाही. जमीन आणि पाणी वजन सोसतात. ट्रकच्या चासीवर मात्र ते ओझे मालाच्या वजनातून वजा होते. १९०८ मध्ये झुरिकच्या साफिर कंपनीबरोबर त्याने मालमोटारीसाठी लहान इंजिन तयार केले. ते चालले, पण रस्त्यावर विकण्याजोगे झाले नाही. १९१२-१३ मध्ये त्याच्या इंजिनावर रेल्वेची गाडीही ओढून पाहण्यात आली. तीही टिकली नाही. ज्या वाहनाच्या टाकीवर आज त्याचे नाव लिहिलेले असते, तसे एकही वाहन रोजच्या कामावर जाताना त्याने आयुष्यात पाहिले नाही.

समुद्रावर मात्र त्याचा जय झाला. १९१२ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेले सेलान्डिया हे मोठे जहाज डिझेल इंजिनांवर कोपनहेगनहून बँकॉकला जाऊन आले. धुराडे नसलेले ते जहाज पाहायला लंडनमध्ये विन्स्टन चर्चिल स्वतः गेले होते. त्याच वर्षी डिझेल अमेरिकेत गेला. तेथे त्याची व्याख्याने झाली, सत्कार झाले, एडिसनची भेट झाली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, याच्यासारखा सुखी कोण!

पण नोव्हेंबर १९१२ मध्ये बर्लिनला जहाजबांधणी तज्ज्ञांच्या सभेत त्याने आपल्या इंजिनाचा जन्म कसा झाला यावर व्याख्यान दिले, तेव्हा जुने मौन त्याच्यावर उलटले. प्रा. रीडलर आदी टीकाकार उठून बोलू लागले. पेटंटात लिहिलेले इंजिन निराळे आणि प्रत्यक्ष चालणारे निराळे. हवा दाबून तेल पेटवण्याचे प्रयत्न इतरांनीही केलेले. मग हा शोध याचा कसा? ल्यूडर्स नावाच्या प्राध्यापकाने तर या साऱ्याला दंतकथा ठरवणारे पुस्तक १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. इंग्रज संशोधक अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टचे तेलाचे इंजिन डिझेलच्या आधीचे, ही गोष्ट खरीच आहे. पण त्यात तेल पेटवायला तापलेल्या भांड्याची मदत लागे. नुसत्या दाबाने तेल पेटवून इतकी बचत साधणारे इंजिन चार वर्षे चिकाटीने उभे केले ते डिझेलनेच, आणि टीकाकारांपैकी कुणी ते केले नव्हते. लाउस्टरसारख्या सहकाऱ्यांचा वाटा मात्र तो मोकळ्या मनाने सांगत नसे, हा आरोप मला पटतो.

१९१३ च्या सप्टेंबरात त्याचे कर्ज फेडण्यापलीकडे गेले होते. घरच्यांना याची पूर्ण कल्पना नव्हती. लंडनला एका इंजिन कंपनीच्या सभेसाठी निघण्यापूर्वी त्याने पत्नीला एक बॅग दिली आणि आठवडाभराने उघडण्यास सांगितले. २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने निघाला. बरोबर बेल्जियमचे कारखानदार कारेल्स आणि आणखी एक इंजिनिअर होते. तिघांनी मिळून जेवण केले, डेकवर फेऱ्या मारल्या, गप्पा झाल्या. रात्री दहाच्या सुमारास डिझेल आपल्या केबिनमध्ये गेला. सकाळी सव्वासहाला उठवण्यास त्याने सांगून ठेवले होते. सकाळी केबिन रिकामी. अंथरुणाला हात लागलेला नव्हता, रात्रीचा सदरा घडी घालून ठेवलेला, घड्याळ अंथरुणावरून दिसेल असे टांगलेले. त्याची हॅट आणि ओव्हरकोट मागच्या डेकच्या कठड्याजवळ सापडले. रोजनिशीत त्या तारखेखाली एक लहानशी फुली काढलेली होती.

दहाबारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत दिसले. ते फार खराब झालेले असल्याने खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा समुद्रात सोडून दिले. गोळ्यांची डबी, चष्म्याचे घर, चाकू अशा त्या वस्तू धाकटा मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. इकडे पत्नीने बॅग उघडली, तेव्हा तिच्यात दोन लाख मार्क रोख निघाले आणि बँकेतल्या खात्यांत काहीच उरले नसल्याचे सांगणारे कागद.

महायुद्धाच्या आदल्या वर्षी, पाणबुड्यांना लागणाऱ्या इंजिनाचा संशोधक इंग्लंडला जात असताना नाहीसा होतो, म्हटल्यावर वर्तमानपत्रांनी तर्क लढवले नसते तरच नवल. जर्मन हेरांनी मारले, तेलवाल्या धनिकांनी मारले, तो वेष पालटून पळाला, असे अनेक तर्क आहेत आणि त्यांवर अजूनही पुस्तके निघतात. रोजनिशीतली फुली, रिकामी खाती आणि बायकोला दिलेली बॅग पाहता, त्याने स्वतःच जीव दिला असावा, हेच मला अधिक संभवनीय वाटते. मुलाने पुढे १९३७ मध्ये वडिलांचे चरित्र लिहिले. त्याचा रोखही तोच आहे.

तो गेला आणि ट्रकची वाट मोकळी झाली. बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज याने १९०९ मध्येच सिलिंडरच्या आधी एक लहान कोठी ठेवून, हवेच्या झोताशिवाय तेल पेटवण्याची पद्धत काढलेली होती. कॉम्प्रेसर गेला, वजन गेले. १९२३ मध्ये बेन्झचा पाच टनी डिझेल ट्रक रस्त्यावर आला. १९२४ मध्ये एम.ए.एन. कंपनीने, म्हणजे आउग्सबुर्गच्या त्याच जुन्या कारखान्याने, आपला ट्रक तेथून न्यूरेंबर्गला नेला; १४० किलोमीटर अंतराला साडेपाच तास लागले. मग १९२७ पासून रॉबर्ट बॉशने तेल दाबणारे पंप आणि नोझल कारखान्यात एकसारखे तयार करायला घेतले. माझ्या मते डिझेल ट्रक खऱ्या अर्थाने जन्मला तो या पंपाबरोबर. त्याचा दट्ट्या आणि नळी यांमधली फट केसाच्या जाडीहून कितीतरी कमी असते. म्हणून तर डिझेलमध्ये पाणी किंवा धूळ गेली की मिस्त्री आधी पंपाची आणि नोझलची चौकशी करतो, आणि फिल्टर बदलण्यात कंजुषी करणाऱ्या मालकाला शेवटी पंपाचे बिल भरावे लागते. १९३१ मध्ये अमेरिकेत क्लेसी कमिन्सने आपल्या इंजिनाचा ट्रक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला नेला. पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर, आणि तेलाचा खर्च अवघा ११ डॉलरच्या आसपास! त्या मंदीच्या दिवसांत वाहतूकदारांना हा एक आकडा शंभर व्याख्यानांपेक्षा अधिक समजला.

डिझेल ट्रक घेताना महाग पडतो, कारण एवढा दाब सोसायला सारे भाग जाड लागतात. पण तेच जाड भाग कमी वेगाने फिरतात आणि म्हणून टिकतात. ठिणगीचे प्लग आणि वायरी नाहीत, तेव्हा पावसाळ्यात त्या भिजण्याचे भयही नाही. रिकामी गाडी हळू जाताना पेट्रोलचे इंजिन हवा अडवून धरते आणि त्यात ताकद गमावते. डिझेलमध्ये फक्त तेल कमी सोडले जाते. त्यामुळे बचत भरलेल्या गाडीत होते आणि रिकाम्या गाडीतही होते. ऑइल वेळेवर बदलले आणि इंजिन तापू दिले नाही, तर आजची मोठ्या ट्रकची इंजिने दहा लाख किलोमीटरच्या पुढेही उघडल्यावाचून जातात. उष्णतेचा आकडा २६ वरून ४५ च्या आसपास आला आहे. २०२० मध्ये चीनच्या वायचाय कंपनीने ५० ओलांडल्याचे जाहीर केले.

आपल्याकडे हे इंजिन ट्रकच्या आधी मळ्यात पोचले. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये निघाली, आणि विहिरीवरचे इंजिन हा महाराष्ट्रातल्या खेड्यांचा ओळखीचा आवाज झाला. टेल्कोने डायम्लर-बेन्झच्या सहकार्याने जमशेदपूरला १९५४ पासून डिझेल ट्रक बांधायला घेतले. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स पुण्यात कोथरूडला आली. त्या डिझेलची दुसरी बाजूही नंतर उघडी पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असे घोषित केले. १ एप्रिल २०२० पासून भारतात नव्या ट्रकला धूर गाळणारी आणि युरियाचे पाणी फवारणारी यंत्रणा लागते. धूर कमी झाला. पण बिघडू शकेल असे भाग वाढले, आणि ट्रकवाल्याच्या खर्चाच्या वहीत एक नवा रकाना आला.

१८९७ चे ते पहिले यशस्वी इंजिन म्युनिकच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. आउग्सबुर्गमध्ये एका बागेत डिझेलच्या स्मरणार्थ जपानी पद्धतीने मांडलेल्या मोठाल्या शिळा आहेत. शेतकऱ्याला परवडेल असे लहानसे डिझेल इंजिन १९३३ मध्ये बनवणाऱ्या यामाओका मागोकिची या जपानी कारखानदाराने त्या १९५७ मध्ये तेथे भेट दिल्या.